सत्तावीस म्हशींची साक्ष

नेरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की नाल्याच्या अंगानं एक तांडा लागतो. चाळीस-पंचेचाळीस घरं, एक देऊळ, एक अंगणवाडी आणि सत्तावीस म्हशी. माणसं मोजायला गेलं तर कोणी पुण्याला गेलेलं असतं, कोणी ऊसतोडीला, त्यामुळं आकडा दरवेळी वेगळा येतो. म्हशींचा आकडा मात्र अमरसिंग राठोडला विचारावा. तो कधी चुकला नाही.

अमरसिंग तांड्याचा ढोरक्या. सकाळी साऱ्यांच्या म्हशी सोडून रानात न्यायच्या, दिवसभर चारायच्या, दिवस कलला की घरी आणायच्या. वय बासष्ट असेल, पासष्टही असेल. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, जशी तांड्यातल्या अर्ध्या लोकांची आहे. उंची बेताची, छाती पिंपासारखी, पायात टायरच्या चपला. बोलतो इतकं बारीक की समोरच्यानं कान पुढं करावा. जणू दिवसभराचा आवाज त्यानं संध्याकाळसाठी साठवून ठेवलेला.

कारण संध्याकाळी हाळी असायची. टेकडीवरच्या मोहाखाली उभं राहायचं, डावा तळहात कानावर धरायचा आणि पोटातून काढायची. सुरुवात जमिनीखालून आल्यासारखी, मग मधे ती वर चढायची, आणि शेवटी "आव, आव, आवऽऽ" अशी थरथरत नाल्यापलीकडं जाऊन पडायची. अमरसिंगचा आजा लदेणीच्या, म्हणजे पाठीवर मीठ-धान्य लादलेल्या, बैलांबरोबर मुलूख फिरलेला. रात्रभर विखुरलेले बैल पहाटे गोळा करायची ही हाळी. "दादानं बापाले देली, बापानं मले," अमरसिंग सांगायचा. "मधात कोनी काही बदललं नाई. बदलून दाखवाचं कोनाले होतं? बैलाईले?"

बैल गेले, लदेणी गेली, म्हशी आल्या. हाळी तीच राहिली. दर पाडव्याला तांड्याचा नाईक ढोरक्याच्या हातात नवी काठी देतो, की झालं, वर्षभर ढोरं त्याच्याकडं. अमरसिंगनं अशा सदतीस काठ्या घेतल्या. जुन्या सगळ्या घराच्या आढ्यात खोचलेल्या आहेत. मुलंबाळं नाहीत, काठ्या आहेत.

दोन वर्षांमागच्या होळीला पुतण्या शाम हैदराबादहून आला. तिथं तो एका स्टुडिओत कार्टूनला आवाज लावतो. म्हणजे बोलत नाही. चित्रातलं दार उघडलं की दाराचा आवाज, चित्रातल्या माणसानं पाऊल टाकलं की पावलाचा. अमरसिंगच्या बायकोला, सुखीबाईला, हे दहा वेळा सांगून झालं तरी पटत नव्हतं.

"चित्रातल्या दाराले आवाज कायले पाह्यजे? चित्रातच हाय ना थे?"

"काकी, आवाज नसला तं लोकाईले वाटते टीव्ही बिघडला."

शामनं सोबत लोकर गुंडाळलेला माइक आणलेला. तो ओट्यावर ठेवलेला पाहून शेजारच्या मानीबाईनं मुंगसाचं पिल्लू समजून त्याच्यापुढं वाटीभर दूध ठेवलं. मग तीन दिवस शामनं तो माइक जिथं तिथं धरला. सुखीबाई तूर पाखडत होती तिथं धरला. धान्याच्या लोखंडी कोठीचं झाकण उघडून धरला, लावून धरला. मानीबाई ओली वाकळ दगडावर आपटत होती तिथं, हरभरा काढणाऱ्या मशीनजवळ, हडंब्याजवळ, आणि शेवटी टेकडीवर, काकाच्या तोंडापुढं.

"काका, अजून एक डाव."

"एकच मारत असतो. दुसरी मारली तं ढोरं म्हनतील, याले आज काय झालं."

एकच मिळाली. तीही दुपारी तीनला मारल्यामुळं सत्तावीसच्या सत्तावीस म्हशी टेकडीखाली येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना परत चरायला लावता लावता अमरसिंगचा घाम निघाला.

पुढच्या दिवाळीत टीव्हीवर 'किरणवीर' सुरू झालं. किरणवीर दिवसा पोस्टात शिक्के मारतो आणि संकट आलं की कमरेचा पट्टा फिरवून आकाशात उडतो. त्याचा वैरी घुमासुर. घुमासुराला अंग नाही; काळा धूर, दोन लाल डोळे आणि एक गर्जना, एवढाच. रोज साडेपाचला आधी धून वाजते, टँड टँड टड्डाण, मग पडदा काळा होतो, घुमासुर गर्जतो, आणि गोष्ट सुरू होते.

पहिल्या दिवशी तांड्यातल्या चौदा घरांत एकाच वेळी घुमासुर गर्जला. अमरसिंग तेव्हा नाल्यावर बसून चपलेतला काटा काढत होता. म्हशी पाण्यात. एकदम सत्तावीस माना वर झाल्या. मानीबाईची राणी सगळ्यांत पुढं असायची. ती पाण्यातून उठली आणि चालायला लागली. तिच्या मागं बाकीच्या. अमरसिंगनं एक चप्पल पायात, एक हातात अशी नाल्यापासून तांड्यापर्यंत त्यांच्यामागं धाव घेतली.

तांड्यात शिरून पाहतो तर म्हशी टीव्हीवाल्या घरांपुढं जाऊन उभ्या. कोणाच्या दाराशी, कोणाच्या खिडकीशी. राणीनं नाईकाच्या घरात मुंडकं घातलेलं आणि ती टीव्हीकडं पाहून राहिली होती. आत धुरामधून किरणवीर उडत होता.

"म्हशीईले बी आवडते," नाईकाची बायको पुष्पा म्हणाली. पुष्पा तांड्याच्या अंगणवाडीची सेविका, आणि जिल्ह्यात किरणवीरची तिच्याइतकी जाणकार दुसरी नसेल. पोस्टातलं घड्याळ कायम चार वाजून दहा मिनिटंच दाखवतं, प्रत्येक भागात कुठंतरी एक लंगडा कावळा लपवलेला असतो, किरणवीरच्या साहेबाची टाय दर सोमवारी उलटी असते, हे सगळं तिला पाठ. मोबाइलवर एक पान होतं, चाहत्यांनी चालवलेलं, त्यात अशा पडद्यामागच्या गोष्टी लिहिलेल्या असायच्या. पुष्पा ते पान पोथीसारखं वाचायची.

त्या संध्याकाळी अमरसिंगनं शामला फोन लावला.

"शाम, टीव्हीत मी बोलून राह्यलो का रे?"

 शाम हळूच म्हणाला, "काका, कोनाले सांगू नका. कागदावर सही केली म्या, आवाज कुठून आनले थे बाहेर सांगाचं नाई म्हनून. थोडा जाड केला तुमचा आवाज. बाकी काही केलं नाई. कराजोगं राह्यलंच नव्हतं त्यात."

मग बाकीचंही सांगितलं. किरणवीर उडतो तो आवाज काकीच्या सुपाचा. ठोसा म्हणजे मानीबाईची ओली वाकळ. घुमासुराचं यान म्हणजे हडंबा, उलटा वाजवलेला. यानाचं दार म्हणजे कोठीचं झाकण. दुसऱ्या दिवशी सुखीबाई टीव्हीपुढं बसली. किरणवीर ढगांतून उडायला लागला तशी ती अमरसिंगच्या कानाशी पुटपुटली, "त्या दिवशी तुरीत खडे होते. ऐकू येऊन राह्यले."

साडेपाचचं काही वाटलं नाही कोणाला. हाळीची वेळ सहाची, म्हशी अर्धा तास आधी यायला लागल्या, एवढंच. अमरसिंग मनातून खूशही होता. टेकडीवर न चढता काम होत होतं. पण संक्रांतीनंतर तोच भाग दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा लागायला लागला. अकराला अंगणवाडीतली मुलं खिचडीला बसतात. घुमासुर पाहिल्याशिवाय एक पोर घास घेत नव्हतं, म्हणून पुष्पानं अंगणवाडीतल्या टीव्हीला मोठा साउंडबॉक्स जोडलेला.

मग काय. म्हशी सकाळी आठला रानात जायच्या आणि अकराला परत. अर्धपोटी. अंगणवाडीच्या खिडकीशी ओळीनं. एक दिवस राणीनं खिडकीतून मान घालून खिचडीचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दूध घटलं. संकलनावर जिथं चार कॅन जायच्या तिथं अडीच जायला लागल्या. लोक कुरकुरले, आणि कुरकुर फिरत फिरत अमरसिंगपाशी येऊन थांबली.

"भिया, भाऊ म्हनून सांगून राह्यली, तुह्या हातून ढोरं सुटून राह्यले," मानीबाई म्हणाली. "म्हातारा झाला तू."

"ढोरं माह्याच हाकेनं येऊन राह्यले, बाई. टीव्हीत मीच हाव."

मानीबाईनं त्याच्याकडं वरून खाली पाहिलं, टायरच्या चपलेपर्यंत. "तू टीव्हीत?"

"निस्ता आवाज."

"आन बाकीचा तू कुठी हाय? रिमोटात?"

ही गोष्ट दुपारपर्यंत तांडाभर झाली. लोक अमरसिंगला घुमासुर काका म्हणायला लागले. पण खरं म्हणून नाही, चिडवायला. पुष्पानं पान उघडून दाखवलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं: घुमासुराची गर्जना म्हणजे सिंहाची डरकाळी, धबधबा आणि रणगाडा या तिघांचं मिश्रण. किरणवीर उडतो तो गरुडाच्या पंखांचा आवाज.

"लिवून हाय, काका," पुष्पा समजुतीनं म्हणाली. "मी काही तुमाले खोटं नाई म्हनत. पन लिवून हाय."

नाईक म्हणजे बबलू नाईक. वय बेचाळीस, बापाच्या मागं नाईकी आलेली, डोक्यात कायम एखादी योजना. त्यानं सगळ्यांसमक्ष शामला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"शाम, घुमासुर अमरसिंग काका हाय का नाई? एक शब्दात सांग."

"भाऊ, मी हो बी म्हनत नाई आन नाई बी म्हनत नाई."

"मंग काय म्हनतं?"

"मी काहीच म्हनत नाई. हे बी मी म्हनलो नाई." आणि फोन कटला.

बबलूनं मोबाइल खिशात घातला आणि आपली योजना काढली. म्हशी यंत्राच्या आवाजानं येतातच, तर माणूस कायले? सकाळी दावं सोडायचं, म्हशी आपापल्या जातील. संध्याकाळी माळवदावरच्या भोंग्यातून घुमासुर वाजवायचा, म्हशी आपापल्या येतील. अकराचा घोळ अंगणवाडीचा साउंडबॉक्स काढला की मिटला. पाडवा पंधरा दिवसांवर आलेला. "या पाडव्याले काठी कोनालेच नाई," तो म्हणाला. "काका, तुमी आता आराम करा. गंज वर्सं झाले."

अमरसिंग काठी उचलून निघाला. घरी येऊन त्यानं आढ्याकडं पाहिलं. छत्तीस काठ्या, सदतिसावी हातात.

"आडतिसावी नसली तं काय होते?" सुखीबाईनं विचारलं.

"काई नाई होत," तो म्हणाला. मग आणखी बारीक आवाजात, "माह्याच गळ्यानं मले काढून राह्यले वं."

दुसऱ्या दिवशी तो नाईकाच्या दारात गेला आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं नसाब मागितला. नसाब म्हणजे तांड्याचा न्याय; सगळे बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, नाईक निवाडा देतो. अमरसिंगचं म्हणणं एवढंच: आवाज माझा आहे हे कागदावर नसलं तर नसू द्या. ज्यांना तो आवाज ओळखू येतो त्यांना विचारा.

"कोनाले?"

"म्हशीईले."

बबलूला ही गोष्ट आवडली. पाडव्याच्या आदल्या दिवशी परीक्षा ठरली. म्हशी नाल्यात उभ्या करायच्या. एका अंगाला टेकडीवर अमरसिंग, दुसऱ्या अंगाला नाईकाच्या माळवदावर भोंगा. अंतर सारखं हवं म्हणून बबलूनं दोन्हीकडं पावलं टाकून मोजलं. तीनशे बारा आणि तीनशे चाळीस निघाली. मग फरक मिटवायला अमरसिंगला टेकडीच्या मागच्या उतारावर अठ्ठावीस पावलं खाली सरकायला लावलं. तिथून तो म्हशींना दिसत नव्हता, म्हशी त्याला दिसत नव्हत्या. "भोंग्याले बी डोये नाईत," बबलू म्हणाला. "बरोबरी झाली."

आख्खा तांडा नाल्याच्या काठी. बबलूनं दुपट्टा हलवला. भोंग्यातून टँड टँड टड्डाण, आणि मग घुमासुर. त्याच क्षणाला टेकडीच्या मागून अमरसिंग. दोन हाळ्या नाल्यावर येऊन एकमेकींना भिडल्या आणि एकच झाली.

सत्तावीस माना वर झाल्या. डावीकडं वळल्या. उजवीकडं वळल्या. राणी चार पावलं टेकडीकडं गेली, थांबली, चार पावलं तांड्याकडं आली, थांबली. मग बरोबर मधोमध आली आणि बसली. तिच्या मागं एकेक करून सगळ्या बसल्या आणि रवंथ करायला लागल्या.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. टेकडीच्या मागं अमरसिंगला काहीच कळेना, तो तिथूनच बारीक आवाजात विचारत होता, "कोनीकडं गेले?" आणि ते कोणालाच ऐकू जात नव्हतं.

"निकाल बराबरीत," बबलू म्हणाला.

"बराबरीत म्हंजे कोन जितलं?" मानीबाईनं विचारलं.

"कोनीच नाई. राणीच बसली तं मी काय करू?"

"म्हंजे काठी देतं का नाई देत?"

बबलू डोकं खाजवून राहिला. भोंग्याच्या बाजूनं काही जण बोलले, काकाच्या बाजूनं काही. एक जण म्हणाला म्हशी थकल्या असतील, उद्या पुन्हा घेऊ. पुष्पानं परत मोबाइल काढला आणि पान वाचून दाखवलं: सिंह, धबधबा, रणगाडा.

तेव्हा सुखीबाई उठली. तिनं पदर खोचला.

"पुष्पा, मले एक सांग. सिंहाचा आवाज आला तं म्हैस कुठी जाते?"

पुष्पा म्हणाली, "पळते."

"कोनीकडं?"

"दुसरीकडं."

"आन रणगाडा आला तं?"

"थे बी दुसरीकडंच."

"मंग पाच महिने झाले, ह्या म्हशी सिंहाच्या आन रणगाड्याच्या घरी काहून येऊन राह्यल्या? त्याईची याडी, माय हाय का तिथी?"

 पाच महिने सगळ्यांनी म्हशी येताना पाहिल्या होत्या, आणि हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

"धबधब्याकडं जाऊ शकते," मागून एक जण म्हणाला. "तहान लागली असन तं."

"नाल्यात बसून तहान?" सुखीबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मग मात्र ती थांबली नाही. सूप सांगितलं, कोठीचं झाकण सांगितलं, हडंबा सांगितला. शेवटी म्हणाली, "आन मानीबाई, तो किरणवीर ठोसा मारते ना, थे तुही वाकळ हाय."

मानीबाई आ वासून उभी. "निळी का हिरवी?"

"हिरवी."

"तरीच म्हनलं, ओळखीचं वाटते." आणि तिनं तिथल्या तिथं बाजू बदलली. "नाईक, काठी देऊन टाक. भियाचाच आवाज हाय. माही वाकळ साक्षीले हाय."

बबलूनं निवाडा दिला. तो असा: आवाज अमरसिंगचा. टीव्हीतलाही अमरसिंगचाच. काठी अमरसिंगलाच. पण ज्या अर्थी टीव्हीतलाही तोच, त्या अर्थी अकराला म्हशी घरी बोलावतो तोही अमरसिंगच. तेव्हा संक्रांतीपासूनच्या अर्धपोटी म्हशींबद्दल अमरसिंगनं तांड्याची माफी मागावी, आणि यापुढं अकराला असं करू नये.

अमरसिंगला टेकडीच्या मागून बोलावून आणलं. त्यानं निवाडा ऐकला, थोडा विचार केला आणि हात जोडले. "माफ करा. अकराले मी नाई बोलावनार." पुष्पानं साउंडबॉक्स काढला.

पाडव्याला आडतिसावी काठी मिळाली. पुष्पानं त्या पानावर स्वतः नोंद केली: घुमासुराचा आवाज, अमरसिंग राठोड, ढोरक्या, तालुका नेर. दोन तासांत कोणीतरी ती उडवली. खाली लिहिलं, पुरावा द्या. तिनं पुन्हा लिहिलं: पुरावा, सत्तावीस म्हशी. ती पण उडवली. तिसऱ्या वेळी तिनं नाल्यात बसलेल्या म्हशींचा फोटो लावला. तो राहिला, पण त्याच्याखाली कोणीतरी लिहिलेलं आहे की डावीकडून चौथ्या म्हशीच्या मागं किरणवीरातला लंगडा कावळा दिसतो.

वैशाखात किरणवीरचा नवा हंगाम लागला. घुमासुर ज्वालामुखीत पडून संपला, नवा वैरी आला, तो गर्जत नाही, इंग्रजीत हसतो. धूनही बदलली. साडेपाच वाजले, चौदा घरांत नवा वैरी हसला आणि एकाही म्हशीनं मान वर केली नाही.

अमरसिंगनं काठी उचलली, टेकडी चढला. मोहाखाली उभा राहिला, डावा तळहात कानावर धरला आणि पोटातून हाळी काढली. पूर्वीचीच. खाली नाल्यात सत्तावीस माना वर झाल्या. कान उभे राहिले. आणि म्हशी तशाच उभ्या राहिल्या, कशाची तरी वाट पाहत.

त्यानं दुसरी मारली, जी तो कधी मारत नसे. म्हशी एकमेकींकडं पाहायला लागल्या. त्या दिवशी त्यानं काठीनं हाकून आणल्या; अंधार पडता पडता तांड्यात पोचला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुखीबाई वाळलेल्या तुराट्यांचा भारा घेऊन टेकडीखालून येत होती. वर अमरसिंग उभा. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सुखीबाई भाऱ्याखाली झाकलेली, त्याला दिसली नाही. मग त्यानं खाकरून घसा साफ केला, आणि त्या पिंपासारख्या छातीतून, सावकाश, एकेक सूर जपून, आवाज आला:

"टँड. टँड. टड्डाण."

आणि मग हाळी.

राणी पाण्यातून उठली. तिच्या मागं सव्वीस.

घरी आल्यावर सुखीबाईनं त्याच्यापुढं भाकर आणि ठेचा ठेवला.  अर्धी भाकर झाल्यावर त्यानं विचारलं, "कुठलोक ऐकू गेलं?"

"निस्तं टेकडीखालीच."

"हं." त्यानं ठेच्यात भाकर बुडवली. "दादाच्या टायमाले नव्हतं हे."

"मंग?"

"मंग काय," अमरसिंग म्हणाला. "आता हाय."